एका खोट्या डोंगराचा शोक

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस, अनाहाइम नावाचे शहर आहे. तेथील डिस्नेलँड या उद्यानात ३० मे २०२३ रोजी एका डोंगरासमोर माणसांची रीघ लागली होती. डोंगर कृत्रिम होता आणि त्याचे वय पुरते चौतीस वर्षांचेही नव्हते. त्याच्या पोटातून पाण्याचा एक पाट काढलेला होता. पोकळ ओंडक्याच्या आकाराच्या नावेत बसून त्या पाटातून संथपणे जायचे, गाणाऱ्या यंत्रचलित बाहुल्या पाहायच्या आणि अखेरीस सुमारे ५२ फूट उंचीच्या कड्यावरून पाण्यासह खाली कोसळायचे, असा हा दहा-एक मिनिटांचा खेळ होता. ‘स्प्लॅश माउंटन’ हे त्याचे नाव. त्या दिवसानंतर तो खेळ तेथे कायमचा बंद व्हायचा होता.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडातील ‘मॅजिक किंगडम’ या उद्यानात, याच डोंगराचे धाकटे भावंड होते. २२ जानेवारी २०२३ हा त्याचा अखेरचा दिवस ठरला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, तेथील पाटातले म्हणून सांगितलेले पाणी बरण्यांत भरून विक्रीला निघाल्याच्या बातम्या छापून आल्या. गंगेचे पाणी लोटीत भरून घरी आणणाऱ्या आणि ते देव्हाऱ्यात जपून ठेवणाऱ्या देशातील श्रोत्यांना ही बातमी ऐकून प्रथम हसूच येईल. नळाच्या पाण्यात औषध मिसळून खेळवलेला तो पाट. त्याला कसले आले आहे माहात्म्य! परंतु विकणाऱ्याची लबाडी बाजूला ठेवली तरी विकत घेऊ पाहणाऱ्याची भावना उरतेच, आणि तिचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

जत्रेतला पाळणा आळंदीला फिरला काय किंवा जेजुरीला फिरला काय, तो पाळणाच असतो. त्याच्यात बसणाऱ्याला गरगरण्याची मौज हवी असते, एवढेच. ज्याला आज थीम पार्क म्हणतात त्या उद्यानाची गोष्ट वेगळी आहे. तेथे यंत्राला कथेचे वस्त्र नेसवलेले असते. केवळ एका यंत्रालाच नव्हे, तर त्याच्या भोवतीच्या साऱ्या परिसराला. वाटेवरची फरसबंदी, दिव्याचे खांब, सेवकांचे पोशाख, उपाहारगृहातले पदार्थ आणि झुडपांआडून ऐकू येणारे संगीत ही सर्व एकाच गोष्टीची पाने असतात. वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले ते याच कल्पनेवर. आपले उद्यान कधीच पूर्ण होणार नाही, जगात कल्पनाशक्ती आहे तोवर ते वाढत आणि बदलत राहील, असे त्यांचे म्हणणे होते. हे वाक्य पुढे चाहत्यांच्या भांडणात दोन्ही बाजूंनी वापरले गेले. बदल हवा असणाऱ्यांनी ते घटनेतल्या कलमासारखे दाखवले. बदल नको असणाऱ्यांनी त्यातला ‘वाढ’ हा अर्थ घेतला आणि पाडापाडीचा अर्थ नाकारला.

हा डोंगर उभा राहिला त्याचाही एक इतिहास आहे. त्या कोपऱ्याला पूर्वी ‘बेअर कंट्री’, म्हणजे अस्वलांचा मुलूख म्हणत. तेथे १९७२ पासून गाणाऱ्या अस्वलांचा एक यांत्रिक जलसा चाले. परंतु उद्यानाच्या टोकाला असल्यामुळे तिकडे माणसांची पावले कमी वळत. गर्दी खेचील असा पाण्याचा एखादा खेळ तेथे करावा, असे व्यवस्थापकांच्या मनात होते. त्याच सुमारास उद्यानाच्या दुसऱ्या भागात ‘अमेरिका सिंग्ज’ नावाचा, १९७४ मध्ये सुरू झालेला, गाणाऱ्या प्राण्यांचा कार्यक्रम शिळा होत चालला होता. टोनी बॅक्स्टर हे डिस्नेच्या रचनाकारांतले एक बुद्धिमान गृहस्थ. १९८३ मध्ये एकदा ते मोटारींच्या कोंडीत अडकून पडले असता त्यांच्या डोक्यात या सर्व गोष्टी एकत्र आल्या, असे सांगतात. ओस कोपरा, पाण्याचा खेळ आणि बेकार होऊ घातलेल्या बाहुल्या! १९८८ मध्ये तो जुना कार्यक्रम बंद झाला आणि त्यातली बदके, कोल्हे, बेडूक आपला बाडबिस्तरा घेऊन नव्या डोंगरात राहावयास गेली. परिसराचे नाव ‘क्रिटर कंट्री’ झाले. १७ जुलै १९८९ रोजी, म्हणजे उद्यानाच्या चौतिसाव्या वाढदिवशी, डोंगराचे दार उघडले. ऑक्टोबर १९९२ मध्ये फ्लोरिडात व टोकियोत त्याची भावंडे जन्मली.

कथा एका सशाची होती. ‘ब्रेर रॅबिट’ त्याचे नाव. ब्रेर म्हणजे भाऊ, तेव्हा मराठीत त्याला ससेभाऊ म्हणावयास हरकत नाही. घरच्या सुखाला कंटाळून ससेभाऊ हसण्याची जागा शोधायला निघतात. कोल्हेभाऊ आणि अस्वलभाऊ त्यांच्या मागावर असतात. एकदा-दोनदा ससा निसटतो, आणि मग पकडला जातो. ओंडक्यातला प्रवासी कड्याकडे चढू लागतो तेव्हा वर बसलेली दोन गिधाडे त्याला कुत्सितपणे टोमणे मारत असतात. ‘मला वाटेल ते करा, पण त्या काटेरी जाळीत टाकू नका’, अशी सशाची काकुळती कानी पडते; कोल्हा त्याला नेमके तेथेच फेकतो, आणि त्याच क्षणी प्रवाशांची नावही खाली कोसळते. ससा जन्मला-वाढला तो काटेरी जाळीतच! खाली पाण्याचे तुषार अंगावर उडतात, ससा सुटलेला असतो, आणि प्राण्यांचा सारा मेळा गाऊ लागतो. या रचनेचे कौतुक केले पाहिजे. कोसळणे हा यंत्राचा भाग. परंतु येथे तो कथेचाही परमोच्च क्षण होता. प्रवासी सशाबरोबर पडत होता आणि सशाबरोबर वाचत होता. तीस वर्षे माणसे या खेळावर लुब्ध होती त्याचे अर्धे श्रेय या जुळणीला दिले पाहिजे.

आता ही कथा आली कोठून? जोएल चँडलर हॅरिस हा जॉर्जिया प्रांतातला गोरा पत्रकार. किशोरवयात, अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या दिवसांत, तो एका मळ्यावर छापखान्याचे काम शिकत असे. मळ्यावरच्या गुलामांच्या झोपड्यांत बसून त्याने या गोष्टी ऐकल्या आणि १८८० पासून त्या ‘अंकल रीमस’ नावाच्या एका वृद्ध, प्रेमळ, कृष्णवर्णीय निवेदकाच्या मुखी घालून प्रसिद्ध केल्या. गोष्टी बऱ्याचशा आफ्रिकेतून आलेल्या. दुबळ्या सशाने बलिष्ठांना बुद्धीने चकवावे, यात गुलामांना कोणता अर्थ दिसत असेल ते सांगावयास नको. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट डांबराच्या बाहुलीची. वाटेवर बसवलेल्या त्या बाहुलीला ससा रागाने एक हात मारतो तो चिकटतो. दुसरा मारतो, तोही चिकटतो. मग पाय, मग डोके. जातककथा वाचलेल्यांना येथे ओळखीचे काहीतरी भेटेल. ‘पंचावुध जातका’तला राजपुत्र तक्षशिलेहून विद्या घेऊन परतताना चिकट केसांच्या यक्षाशी लढतो; त्याची शस्त्रे चिकटतात, मग दोन्ही हात, दोन्ही पाय आणि अखेर मस्तक. या साम्यावरून डांबराच्या बाहुलीचे माहेर हिंदुस्थान असावे असे काही पंडितांनी मांडले आणि इतरांनी ते खोडून काढले. तो वाद येथे सोडवण्याचे कारण नाही.

परंतु हॅरिसने ज्या गावात जन्म घेतला त्याच ईटन्टन गावी १९४४ मध्ये जन्मलेल्या अॅलिस वॉकर या कृष्णवर्णीय लेखिकेने पुढे, आपल्या वारशाचा मोठा भाग हॅरिसने चोरला, अशी तक्रार केली, ती मात्र विसरता येत नाही. गोष्टी तिच्या पूर्वजांच्या; आणि त्या सांगणारा अंकल रीमस असा रंगवला गेला की लहानपणी तिला त्या आपल्या म्हणवेनात.

या तक्रारीला धार आली ती चित्रपटामुळे. डिस्ने यांनी १९४६ मध्ये ‘साँग ऑफ द साउथ’ हा चित्रपट काढला. यादवी युद्धानंतरचा काळ त्यात अभिप्रेत आहे, पण तसे स्पष्ट कोठे म्हटलेले नाही. मळ्यावरचे कृष्णवर्णीय गात-हसत काम करतात, मालकाच्या मुलावर माया करतात आणि कोणालाच काही दुखत नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट यांनी चित्रपटाच्या कलागुणांची दाद घेतली, परंतु मालक आणि गुलाम यांच्या नात्याचे खोटे व गोंडस चित्र त्यातून उभे राहते, असा आक्षेप नोंदवला. काही ठिकाणी चित्रपटगृहांपुढे निदर्शने झाली. रीमसची भूमिका करणारे जेम्स बॅस्केट यांची कथा तर अधिकच बोलकी आहे. चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटा शहरात मोठ्या थाटाने झाला, पण तेथे वर्णभेदाचे कायदे होते. ज्याच्या आवाजावर तो चित्रपट उभा होता तो नट त्या समारंभाला जाऊ शकला नाही. स्वतः डिस्ने यांनी आग्रह धरल्यामुळे १९४८ च्या मार्चमध्ये बॅस्केट यांना ऑस्करचे विशेष पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जुलैत, वयाच्या ४४ व्या वर्षी, ते निवर्तले.

चित्रपट पुन्हा पुन्हा प्रदर्शित होत राहिला. १९८६ मध्ये तो अमेरिकेतील चित्रपटगृहांत अखेरचा दिसला. त्यानंतर कंपनीने तो कपाटात ठेवून कुलूप लावले. आणि तीनच वर्षांनी, त्या कपाटातले प्राणी आणि गाणी घेऊन, हा भव्य डोंगर उभा केला! अंकल रीमसला डोंगरात जागा मिळाली नाही. डांबराच्या बाहुलीऐवजी मधमाश्यांचे पोळे आणि मध आला. कोणाच्या डोळ्यांना खुपेल असे जे जे होते ते काढून टाकले म्हणजे उरलेले निर्दोष झाले, असा हा हिशेब होता. १९८९ नंतर जन्मलेल्या मुलांनी तो चित्रपट पाहिला नव्हता आणि पाहावा म्हटले तरी सहजी मिळत नव्हता. त्यांच्या लेखी ससेभाऊ त्या डोंगरातच जन्मले होते. पुढे भांडण पेटले तेव्हा लाखो माणसे प्रामाणिकपणे म्हणाली, ‘यात कोणाचा अपमान आहे तो दाखवा तरी!’ त्यांना तो दिसत नव्हता, कारण तो दिसू नये अशीच व्यवस्था केलेली होती. कंपनीच्या या चतुराईचे फळ चाहत्यांच्या पदरी पडले.

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि सारी अमेरिका रस्त्यावर आली. पुतळे उतरले, संस्थांची व रस्त्यांची नावे बदलू लागली. जूनमध्ये एका निवेदनावर हजारोंनी सह्या केल्या: स्प्लॅश माउंटनचा कथावेष उतरवा आणि त्याला २००९ च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटातील टियानाचा वेष द्या. टियाना ही डिस्नेच्या चित्रपटांतली पहिली कृष्णवर्णीय राजकन्या; विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात काबाडकष्ट करून स्वतःचे उपाहारगृह काढू पाहणारी मुलगी. २५ जून २०२० रोजी कंपनीने जाहीर केले की नेमका हाच बदल होणार आहे आणि त्याचा विचार वर्षभर आधीपासून चालू होता. लगोलग उलट बाजूने निवेदने निघाली आणि त्यांवरही हजारो सह्या पडल्या.

या वादातील एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या डोंगरासाठी माणसे एकमेकांवर तुटून पडत होती तो त्या वेळी कोणालाच उघडा नव्हता. महासाथीमुळे मार्चपासून दोन्ही उद्यानांना टाळे होते. फ्लोरिडातले जुलैत उघडले, कॅलिफोर्नियातले तर त्यापुढच्या वर्षीच्या एप्रिलअखेर. घरात कोंडलेली माणसे स्मरणातल्या डोंगरासाठी भांडत होती. स्मरणातला डोंगर खऱ्याहून नेहमीच उंच असतो.

विरोध करणारे सारे एका माळेचे मणी होते असे मानणे अन्यायाचे होईल. काहींना कृष्णवर्णीय नायिकाच नको होती. त्यांनी ते कधी उघड तर कधी आडवळणाने सांगितले, आणि त्यांच्याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही. काहींना संशय होता तो कंपनीच्या हेतूचा. न्यायाच्या नावाखाली नव्या चित्रपटाची बाहुली खपवायची आहे, असे ते म्हणत. संशय अगदीच अस्थानी नव्हता. व्यापारी संस्था एका दगडात दोन पक्षी मारीत नाही असे कोण म्हणेल? परंतु पक्षी दोन होते म्हणून त्यांतला एक खोटा ठरत नाही.

या दोहोंहून कितीतरी मोठा वर्ग होता तो केवळ दुःखी माणसांचा. त्यांचे दुःख समजून घ्यायचे तर त्या कड्यावर बसवलेला एक कॅमेरा आठवावा लागेल. नाव कोसळत असताना तो आपोआप छायाचित्र टिपत असे. उडालेले केस, वर केलेले हात, मिटलेले डोळे. कुटुंबे वर्षानुवर्षे येत आणि तेच छायाचित्र विकत घेत. पहिल्या चित्रात आईच्या कुशीत तोंड लपवलेले मूल. काही वर्षांनी तेच मूल पुढल्या जागी बसून दात काढते आहे. आणखी काही वर्षांनी त्याच्या शेजारी त्याची पत्नी आहे आणि मागची जागा रिकामी आहे. पार्श्वभूमी तीच, पाणी तेच, माणसे तेवढी बदलत जाणारी. अमेरिकेसारख्या देशात, जेथे नोकरीपायी माणूस चार गावे बदलतो आणि बालपणीचे घर विकून टाकलेले असते, तेथे मुद्दाम परत जाण्याजोगी न बदललेली जागा म्हणून अनेकांच्या वाट्याला एखादे तिकीट लावलेले उद्यानच येते. कोकणातले पडके घर भाऊबंदांनी विकायला काढले की मुंबईतला चाकरमानी कळवळतो; आपण तेथे वर्षातून चार दिवसही राहत नव्हतो हे त्याला ठाऊक असते, तरी कळवळतो. त्याचा निदान सातबाऱ्यावर कोठे तरी हिस्सा असतो. डोंगराच्या चाहत्याचा हिस्सा कोठेच नोंदलेला नव्हता. त्याने फक्त तिकिटाचे पैसे भरले होते, आणि ते त्याला दर वेळी पुरेपूर फेडून मिळाले होते.

म्हणूनच त्याच्या दुःखाला उत्तर म्हणून वर्णभेदाचा इतिहास सांगितला गेला तेव्हा त्याला तो आपल्यावरचा आरोप वाटला. आपण आजोबांबरोबर हसलो, ते पाप होते काय? ते पाप नव्हते. परंतु ज्या मुलीचे आजोबा त्या काळी अटलांटातल्या त्या चित्रपटगृहाच्या मुख्य दाराने आत जाऊ शकले नसते, तिलाही त्याच रांगेत उभे राहून त्याच गाण्यावर हसावे लागत होते. आणि ती का अवघडते हे शेजारच्याला कळत नव्हते. एकाचा निर्मळ आनंद आणि दुसऱ्याचे अवघडणे ही दोन्ही त्या एकाच डोंगरात राहत होती. दोहोंना तौलून पाहिले तर बदल करण्याच्या बाजूने पारडे झुकते, याविषयी शंका ठेवण्याचे कारण दिसत नाही. पारडे झुकले तरी दुसऱ्या पारड्यात काहीच नव्हते असे म्हणणाऱ्यांनी मात्र भांडण वाढवले.

नवी सफर, ‘टियानाज बायू अॅडव्हेंचर’, फ्लोरिडात २८ जून २०२४ रोजी आणि कॅलिफोर्नियात १५ नोव्हेंबर २०२४ रोजी खुली झाली. बायू म्हणजे लुइझियाना प्रांतातली संथ पाण्याची, दलदलीची प्रवाहमाला. कॅलिफोर्नियातील ‘क्रिटर कंट्री’चे नाव या वेळी ‘बायू कंट्री’ झाले. टियानाच्या व्यक्तिरेखेमागे लीआ चेस यांची प्रेरणा होती. न्यू ऑर्लिन्समध्ये ‘डूकी चेस’ हे उपाहारगृह त्यांनी नावारूपाला आणले होते, आणि वर्णभेदाच्या दिवसांत तेथे गोऱ्या-काळ्यांच्या बैठका होत. २०१९ मध्ये, ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नव्या सफरीच्या निर्मितीची सूत्रे शॅरिटा कार्टर यांच्याकडे होती, आणि मूळ डोंगराचे जनक बॅक्स्टर यांनी सल्लागार म्हणून हात दिला. आपलेच अपत्य दुसऱ्याच्या ओटीत घालणाऱ्या त्या वृद्ध रचनाकाराचा मोठेपणा पुष्कळ चाहत्यांच्या ध्यानात आला नाही.

आणि येथे चाहत्यांतला एक निराळाच वर्ग बोलू लागला. त्याचे आक्षेप मात्र कान देऊन ऐकण्यासारखे आहेत. हा वर्ग बदलाच्या विरुद्ध नव्हता. कित्येकांनी तर टियानाच्या बाजूने सह्या केल्या होत्या. त्याने नव्या बाहुल्यांचे कौतुक केले. पी. जे. मॉर्टन यांनी रचलेले नवे गाणेही त्याला आवडले. पण त्याने एक साधा प्रश्न विचारला: नाव कोसळते ती कशासाठी? नव्या कथेत टियानाला उत्सवाच्या मेजवानीसाठी वादक हवे आहेत, आणि प्रवासी ते शोधायला तिच्याबरोबर निघतात. वाटेत मामा ओडी ही मांत्रिक वृद्धा त्यांना बेडकाएवढे लहान करते, आणि कड्यावरून उडी मारून ते पूर्ववत होतात. शत्रू कोणी नाही, संकट कोणते नाही. चित्रपटात डॉक्टर फॅसिलिए नावाचा चांगला नामांकित खलपुरुष असताना त्याला डोंगराबाहेर ठेवले. वादक न मिळाले तर मेजवानी थोडी फिकी झाली असती. ५२ फूट कोसळण्याला एवढे कारण पुरत नाही. ज्या सशाला घालवले त्याची कथा दुबळ्याने प्राण वाचवण्याची होती, आणि ज्या नायिकेला आणले तिच्या वाट्याला कार्यक्रमाची जुळवाजुळव आली. सन्मान करायला निघालेल्यांनी तिला काहीही बिघडू न देण्याची इतकी काळजी घेतली की तिला पराक्रमाची संधीच उरली नाही. हा आक्षेप टियानाच्या विरुद्ध नाही. तो तिच्या बाजूने केलेला आहे.

जागेविषयीचा आक्षेपही असाच जाणकारीचा होता. कॅलिफोर्नियात या डोंगराला लागूनच, १९६६ मध्ये उभारलेला, ‘न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर’ आहे. कोरीव लोखंडी कठड्यांचे सज्जे असलेल्या त्या गल्लीतून पुढे चालत गेले की दलदल लागावी, हे भूगोलाला धरूनच झाले. फ्लोरिडात मात्र तोच डोंगर ‘फ्रंटियरलँड’मध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या रखरखीत सरहद्दीवर आहे, त्याच्या शेजारी सोन्याच्या खाणींतून धावणारी आगगाडी आहे. आणि लुइझियाना तर सपाट! तेथे डोंगर आला कोठून? रचनाकारांनी उत्तर दिले की ही मिठाची टेकडी आहे. लुइझियानात जमिनीखालून वर आलेल्या मिठाच्या टेकड्या खरोखरच आहेत. उत्तर बरोबर होते, पण डोंगर पाहून ज्याचे स्पष्टीकरण वाचावे लागते तो डोंगर थोडा हरलेलाच असतो. दोन ठिकाणी एकच वेष चढवला. एका अंगाला तो बेतून शिवल्यासारखा बसला, दुसऱ्याला उसना दिसला.

आता त्या कोपऱ्याचा आणखी मागचा इतिहास पाहिला तर शोकाच्या या थरांखाली आणखी थर लागतात. अस्वले येण्यापूर्वी तेथे ‘इंडियन व्हिलेज’ होते. तेथे अमेरिकेच्या आदिवासी जमातींतली खरी माणसे पाहुण्यांपुढे नृत्ये करीत. ते १९७१ मध्ये उठले. त्यांच्या होड्या राहिल्या, नाव बदलून. मग अस्वले आली, त्यांचेही चाहते झाले; सप्टेंबर २००१ मध्ये अस्वलांचा जलसा बंद झाला आणि २००३ मध्ये तेथे ‘विनी द पू’ची सफर आली. मात्र भिंतीवर टांगलेली, गप्पा मारणारी तीन मुंडकी होती, मॅक्स, बफ आणि मेल्विन. ती कोणीतरी जपली. ‘पू’च्या सफरीत एका ठिकाणी मान वळवून मागे पाहिले तर अंधारात ती दिसतात. ठाऊक असणारेच मान वळवतात. स्वतः स्प्लॅश माउंटनमधली बदकेही विस्थापितच होती, हे वर आलेच आहे.

चाहत्यांच्या संघटित विरोधाची पहिली मोठी कथाही ‘पू’नेच घडवली. फ्लोरिडात ‘मिस्टर टोड’ नावाची एक सफर होती. केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ च्या कादंबरीतला तो मोटारवेडा भेकड. त्याच्या मोटारीत बसून प्रवासी शेवटी आगगाडीखाली सापडत आणि थेट नरकात जात. १९९७ च्या ऑक्टोबरात ती बंद होणार अशी कुणकुण लागली. चाहते हिरवे सदरे घालून उद्यानात जमले, शांतपणे रांगेत उभे राहिले, पत्रके वाटली, पोस्टकार्डांचा वर्षाव केला. त्यात वर्णाचा प्रश्न नव्हता, राजकारण नव्हते. होते ते केवळ एका आचरट भेकडावरचे प्रेम. ७ सप्टेंबर १९९८ रोजी सफर बंद झाली. पुढल्या वर्षी त्याच इमारतीत ‘पू’ आला. पण आतल्या एका भिंतीवर रचनाकारांनी छोटेसे चित्र लावले: मिस्टर टोड आपल्या घराचा दस्त घुबडाच्या हाती देत आहेत. आणि जवळच्या भुताटकीच्या वाड्यामागे पाळीव प्राण्यांची जी खोटी दफनभूमी आहे तीत टोडचा एक पुतळा उभा राहिला. त्या दोन खुणांनी पुष्कळांचा राग उतरला. जागा परत मिळाली नाही, पण ती कोणाची होती हे कबूल केले गेले.

फ्लोरिडातल्या डोंगराजवळून ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ नावाची एक कृत्रिम नदी वाहत असे. तिच्या मधोमध टॉम सॉयरचे बेट होते आणि भोवती चाकांची एक आगबोट फेऱ्या घालीत असे. तेथे बोलक्या मोटारींच्या चित्रपटावर आधारलेला नवा परिसर होणार, असे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. नदीतून फिरण्यात थरार नव्हता. गर्दीही बेताचीच असे. थकलेली वृद्ध माणसे आणि झोपाळलेली मुले तेथे सावलीत विसावत. डोंगराच्या वेळी एकमेकांना नावे ठेवणारे दोन्ही पक्ष या वेळी बऱ्याच अंशी एका बाजूला दिसले; कारण येथे पुसायचे असे कोणतेच लांछन नव्हते, आणि जाणार होते ते पाणी, झाडे व निवांतपणा. ६ जुलै २०२५ हा शेवटचा दिवस होता. आगबोटीने त्या दिवशी अखेरची फेरी घातली. त्यानंतर नदीचे पाणी काढून पात्र बुजवण्यास आरंभ झाला.